नेम धरायचा कुठे?

कार-टी उपचारावरचा (रोगप्रतिकारक टी-पेशींत बदल करून त्यांना कर्करोगावर सोडायचं) तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘कार-टी आता सगळ्याच ल्युकेमियांवर (रक्ताच्या कर्करोगांवर) चालेल’ हे विधान घाईचं वाटलं. बी-पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) ल्युकेमियात त्यांच्या पृष्ठभागावरचं सीडी१९ हे प्रथिन लक्ष्य म्हणून जमलं त्यात एक सोय होती. कार-टी पेशी रोगट पेशींबरोबर निरोगी बी-पेशीही मारतात, पण त्यांच्यावाचून माणूस जगतो. बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं, देऊन भागवता येतं. २०१७ साली अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली तीही याच आजारासाठी. एएमएलमध्ये (मायलॉइड पेशींच्या तीव्र ल्युकेमियात) ही सोय नाही. सीडी३३, सीडी१२३ ही तिथली लक्ष्यं रक्त तयार करणाऱ्या निरोगी पूर्वज-पेशींवरही असतात, सरसकट मारा केला तर रक्त तयार व्हायचंच थांबेल. टी-पेशींच्या ल्युकेमियात तर आणखी गंमत (रुग्णाला कसली गंमत म्हणा!): तिथलं लक्ष्य सीडी७, पण त्यावर नेम धरणाऱ्या कार-टी पेशींच्या अंगावरही सीडी७ असतंच, त्यामुळे त्या एकमेकींनाच संपवतात. म्हणून जनुकीय संपादनासारख्या उपायाने त्यांच्यावरचं सीडी७ आधी काढावं लागतं.

आणि बी-पेशींच्या ल्युकेमियात उपचारानंतर काही रुग्णांत रोगट पेशी सीडी१९ टाकून देतात आणि आजार उलटतो, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. सीडी१९ आणि बी-पेशींवरचंच सीडी२२ अशा दोन्हींवर एकदम नेम धरायचे प्रयोग त्यासाठीच चाललेत. पुढचा लेख त्यावर येऊ द्या.