पिक्चर बघून आलात ना, मग आता गप्प बसू नका

पिक्चर बघणं काय कोणालाही जमतं, तिकीट काढलं की आत सोडतात. खरं काम पिक्चर सुटल्यावर सुरू होतं आणि त्या कामात आपल्याकडचे काही लोक अजून फारच कच्चे आहेत. परवा नाशिकमध्ये उंटवाडीला सिटी सेंटर मॉलच्या पार्किंगमध्ये एक जोडपं दिसलं, ती म्हणाली "कसा वाटला?", तो म्हणाला "बरा होता", आणि हेल्मेट घालून दोघं निघून गेले. संपलं. तिकीट, पॉपकॉर्न, पेट्रोल एवढा सगळा खर्च करून मत काय, तर बरा होता! ना डायरेक्टरचा उद्धार, ना कोणाला फोन, ना ग्रुपवर एक ओळ. अशा लोकांसाठीच हे लिहायला घेतलंय.

तर पहिलं म्हणजे, मत द्यायला पिक्चर संपायची वाट बघायची नाही. हिरोची एन्ट्री झाली की मोबाईल वर, ब्राइटनेस फुल्ल, मागच्या रांगेतल्या माणसाला पडद्यापेक्षा तुमची स्क्रीन नीट दिसली पाहिजे. छोटीशी क्लिप काढायची, स्टेटसला टाकायची, खाली आगीच्या इमोजी. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झालीय, थेटरात बसून पिक्चर रेकॉर्ड करून पसरवला तर कमीत कमी ३ महिने आणि जास्तीत जास्त ३ वर्षं आत, वर ३ लाखांपासून पुढे दंड, पण ते चोरांसाठी हो, तुम्ही तर फुकटात पब्लिसिटी करताय, उलट प्रोड्युसरनेच तुम्हाला बोलवून चहा पाजायला पाहिजे. मग इंटरव्हलला समोशाच्या लायनीत उभं राहून पहिला रिव्ह्यू सोडायचा, "फर्स्ट हाफ जबरदस्त". सेकंड हाफ बघितलाच पाहिजे असं काही नाही, तो थोडा खेचलाय हे आत्ताच टाइप करून ठेवा, आजवर कोणीही हे वाक्य खोडून काढलेलं नाही.

पिक्चरबद्दल काहीच सुचत नसेल तर सिनेमॅटोग्राफी चांगली आहे म्हणायचं. झोप लागली असेल तर स्लो बर्न आहे म्हणायचं. एवढ्यावर वर्ष निघतं.

आता सजेस्ट कोणाला करायचा. तर दिसेल त्याला. फक्त एक पथ्य पाळायचं, समोरच्याला काय आवडतं, वेळ किती आहे, घरी कोण कोण असतं, असलं काही चुकूनही विचारायचं नाही. ज्या आजींना शेवटी सगळे एका ताटात जेवताना दिसले की बरं वाटतं, त्यांना गळे कापायची सिरीज सांगायची. ज्याची कालच नोकरी गेली त्याला नोकरी गेलेल्या माणसाचा पिक्चर सांगायचा, वर "तू रिलेट करशील" असंही म्हणायचं. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत इंदिरानगरला, त्यांना त्यांच्या भाच्याने एक मल्याळम पिक्चर लावून दिला, हिंदी डबिंग होतं तरी ओरिजिनलच बघ मावशी, डबिंगमध्ये मजा नाही असं म्हणून, आणि खाली इंग्रजी सबटायटल चालू करून तो कामाला निघून गेला. काकू बसलेल्या मेथी निवडत. आता मेथी निवडायची म्हणजे खाली बघावं लागतं आणि सबटायटल वाचायचं म्हणजे वर. एक जुडी होईपर्यंत हिरोचा बाप मेला, कसा मेला ते कळलं नाही, म्हणून मागे घेतलं, तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या, परत वर बघितलं तर बाप जिवंत, तो फ्लॅशबॅक होता. काकूंना वाटलं वाचला. संध्याकाळी भाचा विचारतो कसा वाटला मावशी, काकू म्हणाल्या छान आहे, वडील वाचले ते एक बरं झालं. भाचा तेव्हापासून सगळ्यांना सांगत फिरतोय की आपल्या लोकांची टेस्टच नाही.

सिरीज सजेस्ट करत असाल तर "पहिले चार एपिसोड सहन कर, पाचव्यापासून पकडते" हे सांगायला विसरू नका. जो माणूस द्वारका सर्कलला पाच मिनिटं सिग्नलला थांबला तर हॉर्न वाजवून वाजवून जीव खातो तो तुमच्या शब्दाखातर चार तास सहन करणारच. आणि कुठे आहे, कोणत्या अ‍ॅपवर, असं विचारलं तर "टेलिग्रामवर लिंक टाकतो" म्हणायचं आणि लगेच खालच्या मेसेजमध्ये चांगल्या सिनेमाला सपोर्ट केलं पाहिजे रे, असंही लिहायचं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर पिक्चर सांगायचा तर "फॅमिलीसोबत आवर्जून बघा" एवढं पुरतं. सेन्सॉरवाल्यांनी २०२४ पासून यूए (म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायचा) सर्टिफिकेटचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन भाग केलेत, सुरुवातीला पडद्यावर ते ठळक दाखवतात पण, पण तेव्हा आपण अंधारात सीट नंबर शोधत असतो त्यामुळे त्याचा कोणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही. आत्याने आवर्जून बघा म्हटलं म्हणून आई, बाबा, आजोबा, बारावीतली मुलगी असे सगळे रविवारी जेवून टीव्हीसमोर बसतात आणि विसाव्या मिनिटाला जे सुरू होतं त्यात बाबांना अचानक गॅस बंद केलाय का ते बघून यावंसं वाटतं, आई पंख्याकडे बघते, मुलगी मोबाईलमध्ये, रिमोट नेमका आजोबांच्या मांडीखाली आणि आजोबा काही हलत नाहीत. नंतर आत्याला विचारलं तर ती म्हणते मी तर गाणीच बघितली होती रील्सवर.

पण मत देणाऱ्यांतले खरे पैलवान बघायचे तर रविवारी सकाळी गावाबाहेर मिसळ खायला जावं. टेबलासाठी नंबर लावून झाडाखाली चौघं उभे असतात आणि विषय असतो कोटी. पिक्चर कसा आहे हा प्रश्नच नाही, पहिल्या वीकेंडला किती झाले ते बोला. एक म्हणतो दीडशे, दुसरा म्हणतो हट, नव्वद, पहिला म्हणतो भो मी ग्रॉस सांगतोय, टॅक्ससकट, तू नेट सांगतोस, टॅक्स वजा करून, तिसरा म्हणतो ते वर्ल्डवाइड आहे, आणि चौथा, ज्याला हे काहीच समजत नाही, तो म्हणतो पण खर्च निघाला का? निघाला का म्हणजे? गाडीचा हप्ता थकला म्हणून ज्याला बँकेचा फोन येतोय आणि जो तो कट करतोय, तोच माणूस तिथे उभा राहून कोणा एका प्रोड्युसरचा हिशोब चोख लावत असतो, की शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी गेला, राहिलेल्यातला साधारण निम्मा थेटरवाल्याचा, मग डिस्ट्रिब्युटर, मग याच्या हातात काय उरलं बिचाऱ्याच्या. मिसळ येते, तर्रीवर साय धरते, पाव गार होतात पण नेट आणि ग्रॉसचं मिटत नाही. तुम्हालाही जमेल, आकडा कोणताही सांगा, फक्त ठासून सांगा.

आणि वाद फारच अंगाशी आला तर आपल्या नाशिककरांकडे एक हुकमाचा पत्ता आहेच, "आम्हाला पिक्चर शिकवू नका, आम्ही दादासाहेब फाळक्यांच्या गावचे". हे म्हटलं की पुण्याचा माणूससुद्धा क्षणभर गप्प होतो (क्षणभरच). आता त्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, तो केला मुंबईत दादरला आणि लागला गिरगावात कोरोनेशन थेटरला, पण त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि 'मोहिनी भस्मासुर' इथे केला, १९४४ साली वारलेही इथेच. एवढं सांगायची वेळ येत नाही. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे, तिथे शेवटचं कधी गेलात हे मात्र कोणी विचारायच्या आत विषय बदला.

तसं फाळक्यांकडूनही सजेस्ट करण्याच्या बाबतीत शिकण्यासारखं आहे. म्हणजे काय करू नये ते. १९१०-११ च्या सुमाराची गोष्ट सांगतात, ते थोरल्या मुलाला घेऊन गिरगावात तंबूतला सिनेमा बघायला गेले, पडद्यावर जनावरं हलताना बघून पोरगा हरखला, घरी येऊन आईला सांगितलं तर घरात कोणाचा विश्वासच बसेना. मग दुसऱ्या दिवशी फाळके अख्ख्या घराला घेऊन गेले, तर ईस्टर असल्यामुळे जनावरांचा पिक्चर उतरलेला आणि 'लाइफ ऑफ क्राइस्ट' लागलेला. पुढचं सगळं त्यातूनच झालं, पडद्यावर ख्रिस्त तर आपले राम-कृष्ण का नकोत असं त्यांच्या डोक्यात बसलं, विम्याची पॉलिसी गहाण पडली, बायकोने, सरस्वतीबाईंनी, दागिने काढून दिले. आता बघा त्यांचं कुठे चुकलं. स्वतःच्या खिशातून घरच्यांची तिकिटं काढली! शेजारी बसून बघितला! आपण काय करतो, "मस्ट वॉच" एवढे दोन शब्द लिहितो आणि पुढच्या पिक्चरकडे वळतो, समोरच्याचे तीन तास आणि हजार रुपये हा त्याचा प्रश्न.

मराठी पिक्चरचं वेगळं प्रकरण आहे. त्याबद्दल मत द्यायचं नाही, आवाहन करायचं. "मराठी माणसानेच मराठी सिनेमाकडे पाठ फिरवली तर कोण बघणार" असा मेसेज शुक्रवारी सकाळी कॉलेज रोडच्या मित्रांना, सातपूरच्या कंपनीतल्या ग्रुपला, सासरच्या मंडळींना, सगळीकडे. त्यात १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं होतं हे घाला, म्हणजे वजन येतं. कोणी म्हणालं चल मग आज जाऊ, तर आज नेमकं घरी पाहुणे आहेत. पुढच्या आठवड्यात शो सकाळी पावणेदहाचा एकच उरतो, मग थेटरवाले मराठीवर अन्याय करतात असा दुसरा मेसेज, आणि दोन महिन्यांनी घरी टीव्हीवर आला की अर्धा बघून "एवढं काही खास नाही, उगाच हवा केली होती लोकांनी". त्या लोकांत पहिला मेसेज आपलाच होता हे आता कोणाच्या लक्षात आहे.

या सगळ्याच्या वरची पायरी म्हणजे पिक्चर न बघताच मत देणं. ट्रेलर, एक यूट्यूबवाल्याचा रिव्ह्यू दीडपट स्पीडवर आणि ऑफिसमध्ये कोणीतरी म्हणालेलं एक वाक्य, एवढ्या सामानात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकचे तीन राउंड आरामात बोलता येतं. उलट बघितलेल्या माणसाची पंचाईत होते, त्याला काही गोष्टी आवडलेल्या असतात, काही नाही, तो अडखळतो. न बघितलेला माणूस कधीच अडखळत नाही.

स्पॉयलरच्या बाबतीत मात्र सभ्यपणा सोडू नका. "मी स्पॉयलर देत नाही हं" असं आधी सांगायचं. मग म्हणायचं, "शेवटपर्यंत कळत नाही खून कोणी केला, आपल्याला वाटतं नवऱ्यानेच केलाय, पण नवरा नाही, एवढंच सांगतो. आणि तो वॉचमन आहे ना, त्याच्याकडे लक्ष ठेव." बास, यापुढे एक शब्द बोलायचा नाही.

एवढं करूनही कोणीतरी निघतोच जो म्हणतो, मला नाही आवडला. अशा वेळी खचून जायचं नाही. मोबाईलवर बघितला असशील, हेडफोन लावला नसशील, एका बैठकीत बघितला नसशील, मूडमध्ये नसशील, अशी पायरी पायरीने चौकशी करायची, आणि सगळ्याला तो नीट उत्तरं देत गेला तर खांद्यावर हात ठेवून सांगायचं, दुसऱ्यांदा बघ, दुसऱ्यांदा कळतो.

आणि कधीकधी, अगदी क्वचित, कोणीतरी खरंच तुमचं ऐकून बघायला बसतं. रात्री साडेअकराला फोन येतो, "दादा, तू सांगितलेला बघतोय, बायको पण बसलीय, ती हिरोची बहीण मध्येच कुठे गेली रे?" आता तुम्हाला काय माहीत बहीण कुठे गेली, तुम्ही चाळिसाव्या मिनिटाला झोपला होतात. आवाज जरा खाली आणायचा, "तेच तर आहे ना" म्हणायचं, "नीट बघ", आणि फोन सायलेंटवर टाकून झोपायचं.