विमान हवेत, दार बंद

मला दहशतवाद्यांत काडीचाही रस नाही. तरीही विमान अपहरणाची किंवा विमानातल्या बॉम्बची कादंबरी दिसली की माझा हात आपोआप तिकडे जातो. फोर्टचा फुटपाथ असो, अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा ढीग असो, मुखपृष्ठावर तिरकं झालेलं विमान आणि लालभडक अक्षरं असली की झालंच. घरच्यांना हे जरा विकृत वाटतं. "विमानात बसायच्या आदल्या रात्री हेच वाचायचं असतं का गं?" हो, हेच!

माझ्या मते या कादंबऱ्यांत आपण वाचतो ते काम. जीव टांगणीला लागलेला असताना नीट केलेलं काम. विमानात ट्रान्सपाँडर नावाचं एक यंत्र असतं, त्यावर चार आकडी कोड लावतात. रेडिओ बंद पडला तर ७६००, इतर आणीबाणी असेल तर ७७००, अपहरण झालं असेल तर ७५००. आता डोळ्यांसमोर आणा. मानेवर पिस्तूल आहे, कॅप्टनला ब्र काढायची सोय नाही. त्याचा हात सवयीने चार आकडे फिरवतो आणि खाली कुठल्या तरी खोलीत चहाचा कप घेऊन बसलेल्या माणसाच्या पडद्यावर ते उमटतात. तो कप खाली ठेवतो. हा प्रसंग मी किती लेखकांच्या हातचा वाचलाय कोण जाणे, दर वेळी अंगावर काटा येतो.

खलनायकाचं मात्र बघवत नाही. बहुतेकदा पुठ्ठ्याचा. कुठलंसं अरबी नाव, लहानपणी घरावर पडलेला बॉम्ब, दातओठ खात मारलेली दोन भाषणं आणि शेवटच्या वीसेक पानांत मरण. इंधनाच्या टाक्यांवर दोन प्रकरणं लिहिणारा लेखक या माणसाचं गाव कुठलं, तो घरी कुठली भाषा बोलतो, याची चौकशीही करत नाही. ती पानं मी सरळ उलटते.

११ सप्टेंबर २००१ नंतर या लेखकांची मोठी पंचाईत झाली. कॉकपिटचं दार मजबूत झालं, गोळीला दाद न देणारं, आणि आतून बंद. प्रवासी म्हणून आपल्याला बरंच वाटलं, पण जुनी कादंबरी सगळी त्या दारातूनच आत शिरत होती. आता खलनायक येणार कुठून? याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर टी. जे. न्यूमन यांच्या २०२१ च्या 'फॉलिंग'मध्ये आहे. तो येतो कॅप्टनच्या घरातून. विमान उडाल्यावर कॅप्टनला कळतं की बायकोमुलांना ओलीस धरलंय. विमान पाड, नाहीतर ती मरतील. न्यूमन स्वतः केबिन क्रूमध्ये होत्या, रात्रीच्या फ्लाइटला प्रवासी झोपले की लिहायच्या. हाच प्रश्न त्यांनी एका खऱ्या पायलटला विचारला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं की याच्यापाशी उत्तर नाही. उगाच नाही पुस्तक हातातून सुटत.

(तेच मजबूत दार मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या विमानात उलटं फिरलं. कॅप्टन बाहेर, को-पायलट आत, आणि विमान त्यानेच मुद्दाम पाडलं. १५० जीव गेले. ती घटना दहशतवादाची नव्हती, पण तेव्हापासून बंद दाराचं वर्णन वाचताना मला पूर्वीसारखं हायसं वाटत नाही.)

आपल्या पिढीला मात्र अपहरण म्हटलं की इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ च आठवतं. २४ डिसेंबर १९९९, काठमांडू ते दिल्ली. विमान अमृतसरला उतरलं आणि सुमारे पाऊण तास तिथे उभं होतं. कॅप्टन देवी शरण इंधनासाठी विनवत होते, दिल्लीत बैठक चालू होती, आणि टँकर काही विमानापाशी पोचेना. अपहरणकर्त्यांना संशय आला, विमान इंधन न घेताच उडालं. लाहोरने आधी धावपट्टीचे दिवेच मालवले. अंधारात कॅप्टन एका रस्त्यालाच धावपट्टी समजून उतरायच्या बेतात होते, ऐन वेळी विमान वर खेचलं. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने "जरा अति होतंय" म्हणून कापलं असतं. आणि अपहरणकर्त्यांतला तो 'बर्गर'! त्याचे साथीदार त्याला याच नावाने हाक मारायचे. सुटून आलेल्या प्रवाशांनी सांगितलं की हा प्रवाशांना अंताक्षरी खेळायला लावायचा. असा विचित्र, अस्सल माणूस मला एकाही थरार कादंबरीत भेटलेला नाही.

पण अमृतसरचा तो पाऊण तास कादंबरीत कुणी ठेवला नसता. तिथे कुणीतरी वरून हुकूम यायची वाट न बघता "टँकर आडवा घाला" म्हणाला असता. खऱ्या आयुष्यात त्या 'कुणीतरी'ची वाट बघण्यात ३१ डिसेंबर उजाडला आणि तीन अतिरेकी सोडावे लागले.

आणि एक घटना अशी आहे की तिची थरार कादंबरी होणारच नाही. एअर इंडियाचं 'कनिष्क', २३ जून १९८५. मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला यायचं होतं, आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. ३२९ माणसं गेली. विमानात दहशतवादी नव्हताच. होती एक बॅग. व्हँकुव्हरच्या काउंटरवर एका माणसाने हुज्जत घालून ती पुढच्या विमानासाठी चढवून घेतली आणि स्वतः विमानात बसलाच नाही. टोरांटोत बॅगा तपासायचं एक्स-रे मशीन मध्येच बंद पडलं होतं. कॅप्टनला ७५०० लावायची वेळच आली नाही. त्या विमानाचं जे काही व्हायचं होतं ते काउंटरवरच्या कंटाळलेल्या हुज्जतीत ठरून गेलं होतं, आणि हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला "बरं बाबा, घे" म्हणणारी माणसं आपण रोज बघतो. मी कादंबऱ्यांकडे का पळते याचं खरं उत्तर मला वाटतं इथे आहे. तिथे मशीन बंद पडलं तर कुणाच्या तरी ते लक्षात येतं. बॅग चढली आणि माणूस चढला नाही, तर कुणीतरी फोन उचलतो.

म्हणून मला पॅन ॲम या अमेरिकन कंपनीच्या फ्लाइट ७३ ची हकिगत सगळ्यांत जवळची वाटते. ५ सप्टेंबर १९८६, मुंबईहून निघालेलं विमान कराचीत अडवलं. अपहरणकर्त्यांनी पासपोर्ट गोळा करायला सांगितले, अमेरिकन कोण ते हेरायला. केबिन क्रूमधली नीरजा भनोट आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते गोळा केले आणि अमेरिकन पासपोर्ट सीटखाली, कचऱ्यात, जिथे जमेल तिथे दडवले. ना पिस्तूल, ना कराटे. रोजच्यासारखं प्रवाशांमधून फिरत, वस्तू गोळा करत. नीरजा प्रवाशांना बाहेर काढताना गेली.

आता माझी तक्रार. मराठीत खून भरपूर होतात, वाडेही भरपूर झपाटतात, पण विमान काही उडत नाही. निदान मला तरी उडालेलं सापडलेलं नाही. पार्ले-सांताक्रूझ-कलिन्यात आयुष्य काढलेले निवृत्त इंजिनिअर, केबिन क्रू, एटीसीतली (हवाई वाहतूक नियंत्रणातली) माणसं, घरात मराठी बोलणारी, ढीगभर आहेत. गप्पांत त्यांच्याकडून ऐकलेले किस्से कुठल्याही इंग्रजी पुस्तकाच्या तोंडात मारतील असे असतात. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असेल, लिहीत असेल, तर मला नाव सांगा, आजच मागवते. खलनायक पुठ्ठ्याचा निघाला तरी चालवून घेईन.