आज चौथा दिवस, बाबा कट्ट्यावर गेले नाहीत

बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या घरापुढच्या कट्ट्यावर बाबा आणि समोरचे काका 40 वर्षं सकाळचा चहा एकत्र पितात. काका कन्नड, बाबा मराठी, कट्ट्यावर दोन्हीची भेळ. 1986 ला कन्नडसक्तीच्या आंदोलनात बाबा लाठ्या खाऊन आले, तेव्हा पाठीला लावायला हळद उगाळून काकूंनीच आणली होती.

आणि चार दिवसांमागं कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर बसला काळं फासल्याचा व्हिडिओ टाकला. वर दोन बाण, म्हणजे हजार ठिकाणी फिरून आलेला. तेव्हापासून कट्टा बंद.

रात्री नीट बघितला. निम्म्या लोकांच्या हनुवटीला मास्क! कोरोनातला व्हिडिओ ओ! बाबांना दाखवला तर म्हणाले, "जुना असला म्हणून काय, झालं ते झालंच की." यावर मला उत्तर सुचलं नाही, खोटं कशाला बोलू. 1956 ला बेळगाव महाराष्ट्राऐवजी कन्नड राज्यात गेलं, ते दुखणं खरं आहे, 2004 पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, काळी फीत मीही लावतो. पण त्यात काकांनी काय केलं?

एका व्हिडिओवर बोट थांबलं की फोन तसलेच दहा आणून ओततो. रात्री दोनला बाबांच्या खोलीत निळा उजेड. सकाळी बीपी 170. आणि तुम्ही पुण्या-मुंबईची मंडळी! खाली 'जय महाराष्ट्र' ठोकून घोरत पडता. जागा माझा बाप राहतो. राग आला असेल तर येऊ दे, अनफ्रेंड करा.

...जाऊ दे. फोन मीच घेऊन दिला. त्या ग्रुपमध्ये ॲडही मीच केलं, म्हटलं रिटायर माणूस, वेळ जाईल. पुण्याची नात रोज त्यावरच दिसते, तेवढं मान्य. बाबा चिडके नव्हते हो. लाठ्या खाल्ल्या त्या आठवड्यातसुद्धा कट्ट्यावर जाऊन बसले होते, पाठ टेकता येत नव्हती तरी.

संध्याकाळी काका गेटपाशी. "साहेब दिसंना झालेत, बरे हायत न्हवं?" मी म्हटलं, सर्दी झालीय. दुसरं काय सांगणार?

अर्ध्या तासात काकूंनी कषायाचा तांब्या पाठवला. आलं, मिरी, गूळ, वास घरभर.

बाबांनी सगळा प्यायला. दुसऱ्या हातात फोन होता.