डासिणीचं बाळंतपण: माहेरच्यांसाठी काही सूचना

काल दुपारी तुमच्या घोट्याला चावून गेली, तिला डोहाळे लागले होते. नर डास रक्ताला तोंड लावत नाही, फुलांच्या रसावर भागवतो. अंडी वाढवायला रक्तातली प्रथिनं लागतात ती मादीला. म्हणजे तुमच्या घोट्यावर झालं ते डोहाळजेवण. आता बाळंतपण माहेरीच व्हावं ही आपली जुनी रीत, आणि तुमचं घर तर तिचं हक्काचं माहेर.

आधी बाळंतिणीची खोली. पायांवर पांढरे पट्टे असलेली, दिवसाढवळ्या चावणारी ही एडिस इजिप्ती. डेंग्यू आणि चिकनगुनिया हिच्याकडून येतात. हिला गटार चालत नाही, ते क्युलेक्स जातीच्या डासांकडे. हिला हवं स्वच्छ, साचलेलं पाणी, आणि तेही घरातल्या घरात मिळालं तर सोन्याहून पिवळं. फ्रिजमागचा ट्रे सर्वोत्तम: ऊबदार, अंधारा आणि फ्रिज आणल्यापासून कोणी बाहेर न ओढलेला. तिथे गर्दी झाली तर कुंड्यांखालच्या थाळ्या आहेत, बाटलीतला मनीप्लांट आहे, पत्र्यावरच्या निळ्या ताडपत्रीच्या घड्या आहेत, आणि ‘कधीतरी लागतील’ म्हणून गच्चीत ठेवलेले रंगाचे रिकामे डबे तर आहेतच. गच्चीवर गेलाच आहात तर टाकीच्या तुटक्या झाकणाकडेही दुर्लक्ष करून या. शहरात मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी टाकीतच उतरते, एका लेकीला जागा आणि दुसरीला नाही असं व्हायला नको.

एडिस अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला ती एकेक चिकटवून ठेवते, एका खेपेला शंभराच्या आसपास. इथे माहेरच्यांची खरी परीक्षा आहे. घरातलं कुणीतरी अचानक उत्साहात येऊन थाळीतलं पाणी ओतून देईल. देऊ द्या. फक्त कडा घासू देऊ नका. ही अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात, अख्खा उन्हाळा काढतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. पाणी ओतणारा माणूस तुमचं काहीच बिघडवू शकत नाही. भीती आहे ती घासणी घेऊन बसणाऱ्या बाईची. तिला लगेच चहा टाकायला पाठवा.

पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहायला येईल तेव्हा बाळ अळीच्या रूपात डोकं खाली आणि शेपटाकडची श्वासनळी वर करून पाण्यात लटकत असेल. अळी कात टाकत टाकत वाढते, मग तिचा कोष होतो. कोष खात काही नाही, पण सावली पडली की बुडी मारतो. दोन-तीन दिवसांत तो फुटून डास बाहेर. आपल्याकडच्या उबेत हा सगळा कारभार आठ-दहा दिवसांत आटोपतो. बाराव्या दिवशी बारशाच्या घुगऱ्या घेऊन जाल तर पाळणा रिकामा, आणि उत्सवमूर्ती शेजारच्या काकूंच्या कोपरावर. आरोग्य खातं ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ म्हणतं ते याच हिशोबाने: सात दिवसांनी भांडी रिकामी करून घासली तर बाळंतपण मध्येच मोडतं. तुम्ही आपला पंधरवडा धरा. किंवा सरळ दिवाळीची साफसफाई.

मध्येच आशाताई किंवा पालिकेची माणसं टॉर्च घेऊन येतील. वॉचमनला सांगून ठेवलंत तर ती गेटवरूनच परत जातील. वर पोचलीच तर साखळी न काढता म्हणा, ‘आमच्याकडे कुठून असणार हो ताई, रोज फरशी पुसतो आम्ही. तुम्ही आधी तो मागचा नाला बघा.’ नाल्याचा केवढा आधार असतो सोसायटीला! एडिस जन्मली तिथून काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाही, त्यामुळे तुमच्या मजल्यावर डेंग्यू निघाला तर पाळणा बहुधा तुमच्याच आसपास हलतोय, हे ताईंना पक्कं ठाऊक असतं. त्या बोलत नाहीत, कारण अजून सगळी विंग बाकी असते. जाता जाता त्या शोभेच्या हौदात गप्पी मासे सोडतील. हे मासे अळ्या मटकावतात. माहेरी कंस आणून ठेवण्यासारखंच ते, वेळीच हरकत घ्या.

तरीही आपण काहीतरी करतोय असं चारचौघांना दिसलं पाहिजे. त्यासाठी धूर. फ्लेक्सवरच्या भावी नगरसेवकांना फोन करा. मशीन फटफटत येतं, पोरं मागे धावतात, फोटो निघतात. धूर अंगाला लागलेला उडता डास मरतो. पाण्यातल्या अळीला आणि कोषाला त्याची गंधवार्ताही नसते. एडिस त्या वेळी तुमच्या कपाटात किंवा पलंगाखाली बसलेली असते, आणि धूर आत यायला नको म्हणून खिडक्या तुम्हीच लावून घेतलेल्या असतात. (साथीत बाधित डास झटपट कमी करायला धुराचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण ट्रे भरलेला ठेवून धूर मागणं हा खास आपला शोध.) रात्री कॉइल लावा, एडिस चावते सकाळी आणि दुपार कलल्यावर, पोरं हाफपँटमध्ये असतात तेव्हा. आणि बॅट फिरवाच. एक ‘चट्’ झालं की किती बरं वाटतं! तोवर ट्रेमध्ये शंभर.

यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, देशाचा दाखला तुमच्या पाठीशी आहे. सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले, म्हणजे पकडायचं कुणाला हे तेव्हापासून माहीत आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी डीडीटी फवारलं गेलं, आणि १९६५ पर्यंत वर्षाचे रुग्ण लाखाच्या आसपास आले. झालं काम, असं सगळ्यांना वाटलं. १९७६ मध्ये नोंदलेले रुग्ण ६४ लाखांवर गेले. डास डीडीटीला सरावले होते आणि माणसं निवांतपणाला.

घरात कुणाला ताप आलाच, तर त्यालाही दिवसा मच्छरदाणीत झोपवू नका. त्याला चावलेली डासीण साधारण आठ-बारा दिवसांत विषाणू वाटायला तयार होते आणि मग जन्मभर वाटते. तिला एका ताटावर बसून जेवायची सवय नाही. हाकललं की पुढच्या पानावर, म्हणून एका जेवणात घरातली दोन-तीन माणसं उरकतात. तुम्ही पपईचं झाड ओरबाडा, किवी सांगेल त्या भावाने आणा, प्लेटलेटचे आकडे सकाळ-संध्याकाळ ग्रुपवर टाका.

मग सोसायटीची तातडीची सभा बोलवा. विषय पहिला, पालिकेचा निषेध. विषय दुसरा, खासगी धूरफवारणीचा खर्च मेंटेनन्समध्ये घालायचा की वेगळी वर्गणी काढायची. यावर दीड तास सहज जातो. लोक उठायला लागले की विषय तिसरा घ्या, गच्चीवरच्या टाकीचं झाकण. त्यासाठी तीन कोटेशनं मागवून दिवाळीनंतरच्या सभेत ठेवावीत, असा ठराव एकमताने मंजूर करा.