वजनाच्या काट्याबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

उत्तरकालीन रोमन साम्राज्याची चांदीची नाणी कशी ओळखावीत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. "वजनावर विसंबू नका असे सांगणाऱ्याने काटा कधी हातात तरी घेतला आहे का?" असे आपण विचारता. मतभेदाचे मला वावडे नाही; परंतु ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याच्या बावीस वर्षांच्या कामाविषयी असा सूर लावणे अशोभनीय आहे.

एक चूक मान्य करतो. टांकसाळीच्या खुणेत ‘कॉन’ ही अक्षरे दिसली की नाणे कॉन्स्टँटिनोपलचे, असे मी सरसकट लिहिले होते. आर्ल शहराला कॉन्स्टँटिना हे नाव मिळाले होते, त्यामुळे तेथील नाण्यांवरही ती अक्षरे येतात.

आता काट्याविषयी. सम्राट दुसऱ्या कॉन्स्टँटियसच्या कारकिर्दीत, इ.स. 350 च्या दशकात, एका रोमन पौंड चांदीतून 96 ऐवजी 144 नाणी पाडली जाऊ लागली आणि सुमारे 3.4 ग्रॅमचे नाणे सव्वादोन ग्रॅमवर आले. काठ शाबूत असेल तर नाण्याचा काळ ठरवायला हा फरक उपयोगी पडतो, हे मी लेखातच लिहिले आहे, आणि ते आपण वाचलेले दिसत नाही. पण ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या या नाण्यांचे काठ पुष्कळदा चांदी काढून घेण्यासाठी कातरलेले असतात. सफक परगण्यात हॉक्सन येथे 1992 मध्ये सापडलेल्या साठ्यातील चांदीची बहुतेक नाणी तशीच आहेत. जुने जड नाणे कातरून दोन ग्रॅमवर आले, तर काटा त्याला निःशंकपणे नंतरचे ठरवील.

मी स्वतः पहिल्या पगारातून घेतलेले नाणे वजनावरून चुकीच्या काळात टाकले होते आणि ते दुरुस्त करायला मला दोन वर्षे लागली. म्हणून मी नाण्यावरील सम्राटाच्या चित्राकडे पाहायला सांगतो, कारण कातरणारे त्याचा चेहरा सहसा राखत. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतेक सम्राट दाढीविना दिसतात. ज्युलियन आणि युजिनियस मात्र दाढीने ओळखू येतात. मागे पुष्पचक्र असेल, तर त्यातील नवसाच्या वर्षांचे (सम्राटाच्या कारकिर्दीच्या ठरावीक वर्षांसाठी केलेल्या नवसांचे) आकडेही मध्यभागी असल्याने वाचतात. खालची टांकसाळीची खूण मात्र पुष्कळदा कातरीत जाते.

या चांदीच्या नाण्यांना दिलेले ‘सिलिक्वा’ हे नाव आधुनिक अभ्यासकांच्या सोयीचे आहे, हा आपला मुद्दा सर्वांना ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

आर्लविषयीचे वाक्य आज दुरुस्त केले आहे. वजनाविषयीचे वाक्य आहे तसेच ठेवले आहे.