शेंदराखालचा चेहरा

2022 च्या नवरात्राआधी दीड महिना दर्शन बंद ठेवून सप्तशृंगगडावरच्या देवीचा शेंदराचा जाड लेप उतरवला. मूळ रूपाचा फोटो पाहून आई फोनवर म्हणाली, "सुंदर आहे गं, पण माझी जगदंबा वेगळी होती." भावाचं म्हणणं, हेच खरं रूप. काकू म्हणाली, मग इतक्या पिढ्यांनी हात जोडले ते कुणाला?

मी बेल्जियममधल्या गेंटला राहते. इथल्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हॅन आइक या चित्रकार बंधूंचं 1432 सालचं वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीवरचं लाकडी फळ्यांवर रंगवलेलं चित्र, आहे. त्यातल्या कोकरावर सोळाव्या शतकात कुणीतरी साधा मेंढीचा चेहरा रंगवला होता. तो काढल्यावर खालून रोखून बघणारे, जवळजवळ माणसाचे डोळे निघाले. इथेही अनेकांना ते रुचलं नाही.

तैलरंग यान व्हॅन आइकने शोधला असं अजून सांगतात. ते खरं नाही. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांत तेलात कालवलेले रंग त्याच्या कितीतरी शतकं आधीचे आहेत. यानची करामत थरांत आहे. पातळ, पारदर्शक थर वाळू द्यायचा, त्यावर दुसरा द्यायचा. उजेड आत शिरतो, खालच्या पांढऱ्या अस्तरावरून परततो, आणि चित्रातला मोती आतून उजळल्यासारखा दिसतो. त्यावर दुसऱ्याचा जाड हात फिरला की तो उजेडच बुजतो. म्हणून मी भावाच्या बाजूने आहे.

पण काढायचं कसं, हेही मी इथेच शिकले. 2012 पासून हे काम संग्रहालयात काचेच्या भिंतीआड, लोकांच्या डोळ्यांदेखत चाललं. वेदीचित्राच्या बाहेरच्या फळ्यांचा सुमारे 70 टक्के भाग नंतरच्या रंगाखाली होता. तरी आधी तपासण्या झाल्या, खालचा रंग शाबूत आहे याची खात्री केली, मगच सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेच्या सुरीने रंग खरवडायला घेतला. मी अर्धा तास उभी होते. तेवढ्यात नखाएवढीसुद्धा जागा मोकळी झाली नव्हती.

आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळांना आधी ऑइल पेंट फासतात आणि मग तो काढायला वाळूचा मारा करतात. रंगाबरोबर छिन्नीच्या खुणाही जातात. आमच्या गावच्या देवळासाठी आता तेच ठरतंय आणि वर्गणीसाठी परदेशातल्या आम्हा सगळ्यांना निरोप आलेत. मी पैसे देणार आहे, पण आधी मागच्या भिंतीवर तळहाताएवढी जागा हाताने साफ करून, तिचे फोटो काढून गावासमोर ठेवा, असं कळवलंय. काकूलाही तिथे बोलवा, हेही लिहिलंय.