रुई उपटू नका, बाप्पा!

नागपुरात झाडांवरून वाद पेटला की शाळेतल्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्रभर वाजत राहतो, आणि शिकागोजवळच्या उपनगरात माझं कामातलं लक्ष उडतं. २०२१ मध्ये अजनीवनासाठी, म्हणजे अजनी स्टेशनजवळची झाडी वाचवायला, लोक रस्त्यावर उतरले, ते योग्यच केलं. पण भांडण दरवेळी हिशेबावर येऊन अडतं: किती तोडली, बदल्यात किती लावणार. सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेचीही हीच रीत; २०१९ चं उद्दिष्ट होतं ३३ कोटी झाडं. कोणती झाडं, हे कोणी विचारलंच तर त्याला उत्तर मिळत नाही.

इथं माझ्या मुलीच्या शाळेत भिंतीलगत मिल्कवीडचा वाफा आहे. शेतकऱ्याच्या लेखी हे तण. पण मोनार्क फुलपाखराची अळी फक्त याच कुळातली पानं खाते, चिकातलं विष अंगात साठवते आणि पक्ष्यांपासून वाचते. १९७५ मध्ये मोनार्क आमच्या इलिनॉय राज्याचा राज्यकीटक झाला, तोही डिकेटर गावच्या तिसरीतल्या मुलांच्या सूचनेवरून. मिल्कवीडला राज्याच्या रानफुलाचा मान मिळायला मात्र २०१७ उजाडलं.

आपली रुई मिल्कवीडच्याच कुळातली. प्लेन टायगर हे मोनार्कचं भाऊबंद फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. म्हणजे जीवशास्त्राचा अख्खा धडा नाल्याकाठी फुकट उभा आहे. पण शनिवारी जिच्या पानांची माळ मारुतीला, तीच सोमवारी स्वच्छता मोहिमेत जेसीबीखाली!

अमेरिकेचे गोडवे गायचे नाहीत मला. इलिनॉयच्या मूळ गवताळ रानातला हजारावा हिस्साही उरलेला नाही. आधी सगळं नांगरलं, आता वाफ्यावाफ्यातून परत आणणं चाललंय. नागपूरला तेवढं करायची गरज नाही. गोरेवाड्याचं जंगल शहराला खेटून आहे आणि पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर काय काय आपोआप उगवतं. गुलमोहर मादागास्करचा म्हणून तोडा, असंही मी म्हणत नाही. संत्रं तरी कुठं आपल्या रानातलं?

पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. त्याचं बऱ्याच ठिकाणी काय झालं, तर नेटवरून छापलेली प्रकल्प वही. त्यापेक्षा प्रत्येक मनपा शाळेने कुंपणालगतचा एक कोपरा निंदायचा नाही, एवढंच ठरवावं. रुई, आघाडा, जे येईल ते येऊ द्यावं; जागा असेल तर एक पळस लावावा. चीक डोळ्यांत जाईल ही पालकांची भीती खरी आहे, पण मिल्कवीडचा चीकही तसाच, आणि इथली मुलं हात लावला की हात धुतात. झुडपांनी डेंग्यू वाढतो, असं ग्रुपवर एकाने लिहिलंच. त्याला म्हटलं, भाऊ, आधी गच्चीवरच्या कूलरची टाकी रिकामी कर.

मुख्याध्यापकांना हे पटवणं सोपं आहे. खरी गाठ गवत कापायच्या ठेकेदाराशी आहे, आणि त्याची माणसं पहिल्या पावसानंतर लगेच येतात.